पानं तपासणाऱ्या जंगमबाई

जंगमबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी कराडच्या घरी मेथी निवडत बसले होते. फोन त्यांच्या भाच्याचा, संजयचा होता. "मावशी सकाळी गेली. झोपेतच... तिच्या वहीत तुमचा नंबर पहिला होता, म्हणून तुम्हाला आधी कळवतोय," तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. पुन्हा मेथीला हात लावला तर निवडलेली पानं देठांतच पडू लागली. रडू येत नव्हतं. मला भीती वाटत होती. पोस्टातून निवृत्त झालेली, दोन नातवंडांची आजी असलेली मी चौसष्टाव्या वर्षी भर दुपारी स्वतःच्या स्वयंपाकघरात घाबरले होते. ही भीती माझ्या ओळखीची होती. ती मी पन्नास वर्षांपूर्वी आष्ट्याकडच्या एका गावात, उसाच्या मळ्यातल्या वस्तीवर सोडून आले, असं मला वाटत होतं. आज या गोष्टीला तीन आठवडे झाले. आता लिहिता येईल असं वाटतं.

कमल जंगम आमच्या हायस्कुलात हिंदी शिकवायच्या. सांगलीहून रोज सकाळच्या एसटीनं यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायच्या. वय सत्तावीस-अठ्ठावीस, अंगानं बारीक, आवाज त्याहून बारीक. ग्रंथालयाचा चार्ज त्यांच्याकडे आला तो त्या सगळ्यांत नव्या होत्या म्हणून. जुन्या मास्तरांपैकी कुणालाच ते काम नको होतं. ग्रंथालय म्हणजे तरी काय, नकाशे, लेझमी आणि मोडके बाक ठेवायच्या खोलीतली तीन लाकडी कपाटं. बाईंच्या आधी ती कपाटं वर्षातून एकदा, तपासणीचे साहेब यायचे तेव्हा उघडत. बाईंनी ती दर शनिवारी उघडायला सुरुवात केली. प्रत्येकाला एक पुस्तक, मुदत एक आठवडा. देवघेवीच्या वहीत त्या स्वतः नाव लिहायच्या आणि आमची सही घ्यायच्या. आठवीतल्या पोरीला तोवर कुणी सही मागितलेली नव्हती! मी तर घरी चुलीपुढच्या राखेत बोटानं सहीचा सराव करायचे.

पुस्तक परत दिलं की बाई ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उलटून बघायच्या. अंगठ्यानं भराभर नव्हे, एकेक पान. फाटलेलं पान सापडलं की खळ लावायच्या, दुमडलेला कोपरा सरळ करायच्या. यात इतका वेळ जायचा की मागं रांग लागायची. पोरं त्यांना मागून 'पानमोजी बाई' म्हणत. मीही म्हणायचे.

आता आमच्या घराबद्दल सांगायला हवं, आणि तिथं माझा हात अजून अडतो. माझे वडील, आण्णा, फौजेत होते. एकाहत्तरच्या लढाईनंतर वर्षभरानं ते पेन्शनीवर घरी आले. गावात त्यांना मान होता. वाटेत भेटणारा माणूस "राम राम, फौजी" म्हणून थांबायचा. पण घरी आलेले आण्णा सुट्टीवर यायचे ते आण्णा नव्हते. डाव्या कानानं त्यांना ऐकू यायचं नाही. लांबच्या रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला तरी ते अंगणात पालथे पडायचे आणि आम्हालाही ओढून पाडायचे. मग तासन् तास बोलायचे नाहीत. रानडुकरं उसात घुसायची म्हणून त्यांनी परवाना काढून एकनळी बंदूक घेतली होती. आधी ती आढ्याला टांगलेली असायची. पुढं पुढं ती त्यांच्या मांडीवर दिसू लागली. दुपारी ओट्यावर बसून ते ती पुसत राहायचे. पुसून झाली की पुन्हा पुसायचे.

एका दुपारी मी शाळेतून आले तर ते आईला शांतपणे सांगत होते, "मी गेल्यावर तुमी कुणाच्या जिवावर ऱ्हाणार? त्यापरीस सगळीच एकदम जाऊ. मी हाय की न्यायला." आई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. माझी धाकटी बहीण लता पाच वर्षांची होती. तिला वाटलं जत्रेला जायचंय. ती टाळ्या वाजवायला लागली... त्या टाळ्या मी आजवर विसरलेले नाही. आठवड्यानं ते पुन्हा तेच बोलले, त्याच आवाजात. मी आईच्या मागंमागं विहिरीवर गेले. ती एवढंच म्हणाली, "शके, घरातलं भाईर न्यायचं न्हाई. त्येस्नी लोक मानत्यात."

त्यानंतर मला शाळा सुटायची भीती वाटू लागली. घंटा झाली की मी दप्तर मुद्दाम सावकाश भरायचे. वस्ती दीड मैलावर होती. वाटेच्या दोन्ही अंगाला डोक्यावरून गेलेला ऊस. शेवटच्या वळणावर मी थांबायचे आणि कान द्यायचे. लताचा आवाज ऐकू आला की चालू लागायचे. एखाद्या दिवशी तो यायचा नाही. तेव्हा मी तिथंच उभी राहायचे. पाय पुढं टाकला तर काय दिसेल, ते डोळ्यांपुढं येत राहायचं. मग कुठून तरी तिचं भोकाड ऐकू यायचं आणि मी धावत सुटायचे.

त्या आठवड्यात मी पक्ष्यांवरचं एक पुस्तक नेलं होतं. परत द्यायच्या आदल्या दिवशी, मधल्या सुट्टीत, मी त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं, "आमच्या घरात बंदूक आहे. आण्णा म्हणतात सगळ्यांना घेऊन जातो. मला घरी जायची भीती वाटते." का लिहिलं? कुणी वाचावं म्हणून लिहिलं असं म्हणवत नाही. ते पोटात मावत नव्हतं, एवढंच. लिहिलं आणि लगेच खोडायला गेले. खोडरबर नव्हतं. बोटाला थुंकी लावून घासलं तर कागद काळा झाला, अक्षरं मात्र तशीच राहिली. पान फाडावं तर बाईंना फाटलेलं पान हमखास दिसणार.

शनिवारी रांगेत मी दोघीतिघींना माझ्या पुढं जाऊ दिलं. पुढच्या मुलीचं पुस्तक बाईंनी पान-पान करून बघितलं. माझं हातात घेतलं, उघडलं... आणि एसटीची वेळ झाली म्हणून मिटून गठ्ठ्यावर ठेवलं. "सोमवारी बघते," त्या म्हणाल्या. तो रविवार कसा गेला ते मला सांगता येत नाही. घरात आण्णा, आणि शाळेच्या खोलीत ते पुस्तक.

सोमवारी कुणी काही बोललं नाही. मंगळवारी हिंदीच्या तासाला बाई म्हणाल्या, "आज धडा नाही. तुम्ही वाचलेल्या एखाद्या पुस्तकाबद्दल पाच ओळी लिहा. मराठीत." माझ्या लगेच लक्षात आलं. ते पुस्तक वहीत माझ्या नावावर होतं, पण त्या आठवड्यात वर्गातल्या नऊ जणांच्या हातून फिरलं होतं, हे बाईंना माहीत होतं. बाईंना अक्षर पाहायचं होतं. मी डोकं चालवलं. नेहमी माझं अक्षर उभं असायचं. त्या दिवशी मी ते तिरकं काढलं, वेलांट्या मोठ्या केल्या. कागद देताना मी बाईंच्या तोंडाकडे बघितलं नाही.

आपण वाचलो, असं मला वाटलं. पुढं कित्येक वर्षांनी बाईंनी हसत सांगितलं, "अगं, नऊ जणांत एकीनंच अक्षर बदललं होतं. तुझ्या हिंदीच्या वह्या मी दर आठवड्याला तपासत होते की."

बुधवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला पुस्तकं लावायला म्हणून त्या खोलीत बोलावलं. दार उघडंच ठेवलं. पुस्तकं माझ्या हातात देत, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "एका पुस्तकात कुणीतरी काही लिहिलंय. कुणी लिहिलं ते मी विचारत नाही. शिक्षाही करणार नाही. पण त्या मुलीची मला काळजी वाटते. त्या मुलीला माहीत असेल का गं, ती बंदूक भरलेली असते की मोकळी?"

मी कपाटाला धरून उभी राहिले. मग म्हणाले, "त्या मुलीला वाटतं... मोकळी असती. काडतुसं कणगीच्या मागं डब्यात हायत."

"हे घरात आणखी कुणाला माहीत आहे?"

"तिच्या आईला. पर ती बोलायची न्हाई."

"त्या मुलीला आज घरी जायचं नसेल तर? माझ्याबरोबर सांगलीला येईल ती?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि मग मला रडू फुटलं. "लता घरी हाय, बाई."

'त्या मुली'चं सोंग तिथं संपलं. बाईंनी मला जवळ घेतलं नाही. त्यांनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं आणि मी त्यानं तोंड पुसलं. त्यांचा तळवा माझ्या हाताला लागला, तो गार होता.

बाई आधी मुख्याध्यापकांकडे गेल्या. तिथं काय झालं ते मला पुढं त्यांच्याकडूनच कळलं. मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. तेही घाबरले. "बाई, तुम्ही पुस्तकं सांभाळा. लष्करातला माणूस, गावात वजन आहे. घरातल्या गोष्टीत आपण पडलो तर उद्या शाळेवर येईल. आणि पोरीनं कल्पनेनं लिहिलं असेल तर?" बाई म्हणाल्या, "आणि नसेल तर?" पोलिसांत जाऊ का, हेही बाईंच्या मनात येऊन गेलं. पण शिपाई वर्दीत मळ्यात शिरलेले बघून तो माणूस काय करील, याची त्यांना जास्त भीती वाटली.

त्याच दुपारी, शाळेचे दोन तास राहिले असताना त्या मला घेऊन निघाल्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात चार पुस्तकं. कुणी विचारलं तर पालकांना पुस्तकं दाखवायला चाललेय असं सांगायचं ठरलं. वाटेत त्या दोनदा थांबल्या. चपलेचा अंगठा तुटला असेल असं मला वाटलं, पण तो शाबूत होता. त्या श्वास घेत होत्या. शेवटच्या वळणावर मी सवयीनं थांबले. "काय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "लताचा आवाज ऐकायचा असतो." बाईंनी ओठ घट्ट मिटले. आम्ही दोघी कान देऊन उभ्या राहिलो. उसाची पानं तेवढी वाजत होती... मग लता कोंबडीला ओरडली आणि बाईंनी डोळे मिटून घेतले.

आण्णा ओट्यावर होते. मांडीवर बंदूक, हातात फडकं. बाईंना बघून ते उठले नाहीत. आई दारात आली आणि तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी बाईंच्या मागं सरकले. बाईंनी नमस्कार केला, नाव सांगितलं, शाळेतून आले म्हणाल्या. मग त्या पुस्तकांचं काहीतरी बोलू लागल्या, आणि मध्येच थांबल्या. त्यांचा तो बारीक आवाज चिरकला.

"दादा, मी खोटं बोलत नाही. मला त्या बंदुकीची फार भीती वाटतेय. मी इथं उभी आहे, पण माझे पाय कापतायत."

आण्णांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. खरंच कापत होते, निऱ्या हलत होत्या. आण्णा तसेच बघत राहिले. मला वाटलं, आता ते उठतील. आईनं लताला ओढून पोटाशी धरलं.

"बाई," आण्णा म्हणाले, "भ्या मलाबी वाटतं. हिचंच. पर हात सोडत न्हाई हिला."

मी आण्णांच्या तोंडून असं कधी ऐकलं नव्हतं. बाई हळूच पुढं गेल्या आणि ओट्याच्या कडेला बसल्या, बंदुकीपासून दोन हातांवर. "मग ती इथं नको," त्या म्हणाल्या. "पोलीस पाटलांकडे देऊ, ते चौकीत जमा करतील. तुम्ही स्वतः द्यायची. मी येते बरोबर. परवान्याचं काम आहे म्हणून सांगू. दुसरं कुणाला काही कळायचं कारण नाही."

आण्णांनी हातातलं फडकं घडी करून बाजूला ठेवलं. मग आईला म्हणाले, "डबा आण." आईनं कणगीमागचा डबा आणला. आण्णांनी काडतुसं मोजली नाहीत. तो सगळा डबाच बाईंपुढं सरकवला. बाईंनी तो पिशवीत, पुस्तकांच्या मध्ये ठेवला. बंदूक घोंगड्यात गुंडाळून आण्णांनी खांद्यावर घेतली आणि आम्ही तिघं निघालो. पुढं आण्णा, मागं बाई, त्यांच्या मागं मी.

निम्मी वाट झाली असेल. वारं आलं आणि दोन्ही बाजूचा ऊस एकदम सळसळला. आण्णा खाली बसले. "डाऊन!" ते ओरडले. मागं वळून त्यांनी बाईंचा खांदा धरून त्यांना खाली दाबलं. मीही पडले. पाटाचं पाणी वाटेवर आलं होतं. आम्ही चिखलात बसलो. आण्णांनी घोंगडं सोडलं, बंदूक हातात घेतली आणि उसाकडे नळी रोखली. ते हिंदीत काहीतरी पुटपुटत होते, कुणाची तरी नावं घेत होते. मला काडतुसांचा डबा पिशवीत दिसत होता. पण नळीत एखादं असेल तर? हे मला माहीत नव्हतं. पुढं मी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मलाही माहीत नव्हतं गं."

बाई पळाल्या नाहीत. त्यांनी एका हातानं माझा हात धरला, इतका घट्ट की बोटं दुखली. आणि त्या बोलू लागल्या. हिंदीत, वर्गात बोलायच्या तशा सावकाश. "भाईसाहब, मैं मास्तरनी हूँ. यह आपकी बेटी है, शकुंतला. आठवीं में पढ़ती है. यह गन्ने का खेत है. हवा चल रही है." पुन्हा तेच, पुन्हा पहिल्यापासून. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माझ्या पायावरून मुंग्या गेल्या आणि मी हलले नाही, एवढं आठवतं. शेवटी आण्णांनी नळी खाली केली. त्यांनी चिखलाकडे बघितलं, बाईंच्या भिजलेल्या पातळाकडे बघितलं. मग बंदुकीची नळी मागच्या बाजूनं उघडून त्यांनी आत बोट घातलं. मोकळी होती. "मोकळीच हाय," ते म्हणाले आणि वाटेतच बसून रडायला लागले. फौजीला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बाई उठल्या, घोंगडं झटकलं आणि म्हणाल्या, "चला दादा. अंधार व्हायच्या आत मला गाडी धरायचीय."

बंदूक जमा झाली ती परत आली नाही. पोलीस पाटलांनी काही विचारलं नाही, पण बाईंचं पातळ बघून त्यांना समजलं असावं. त्यांनीच पुढं आण्णांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं, दोन-तीन वर्षं नेत राहिले. आण्णा पुरते बरे झाले नाहीत. टायर फुटला की ते शेवटपर्यंत दचकायचे. पण "सगळीच एकदम जाऊ" हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कुणी ऐकलं नाही. ते आणखी सोळा वर्षं जगले आणि कावीळ होऊन गेले. लताच्या लग्नात त्यांनी फेटा बांधला होता.

सगळं गोड झालं असंही नाही. आई माझ्याशी कित्येक महिने धड बोलली नाही. "त्या बाईनं आमची लाज येशीवर टांगली," ती म्हणायची. खरं तर गावाला काहीच कळलं नव्हतं. शाळेची वेळ असताना वर्ग सोडून गेल्याबद्दल बाईंना लेखी खुलासा द्यावा लागला. त्यांनी कारण लिहिलं, 'पालकभेट, पुस्तकासंबंधी'. खरं कारण लिहिलं असतं तर कदाचित ते प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण मग ते दप्तरी राहिलं असतं. ग्रंथालयाचा चार्ज काढून घेतला गेला. कपाटं पुन्हा बंद झाली. दोन वर्षांनी त्यांची बदली सातारच्या बाजूला झाली आणि तिथं त्यांनी चार्ज मागून घेतला. चार्ज मागून घेणारी शिक्षिका त्या शाळेनं पहिल्यांदाच पाहिली.

मी मोठी झाल्यावर एकदा त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही पानं का बघायचात? असं काही सापडेल म्हणून?" त्या म्हणाल्या, "छे! फाटलेली पानं बघायची, एवढंच मला सांगितलं होतं. तुझं वाचल्यावर मात्र... मग दुसऱ्या कारणानं बघायला लागले. प्रत्येक पुस्तक उघडताना छातीत धडधडायचं. तीस वर्षं. आणि उसाच्या वाटेनं मी पुन्हा कधी एकटी गेले नाही." आणखी कुणाचं काही सापडलं का, हे मी विचारलं. "चार वेळा," म्हणाल्या. "एकदा उशीर झाला होता." त्याबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

निवृत्तीनंतर त्या सांगलीत एकट्या राहायच्या. मी वर्षातून तीन-चारदा जायचे. निघताना त्या दाराशी येऊन एकच सांगायच्या, "पोचलीस की कळव." आधी मी पोस्टातून कार्ड टाकायचे. घरी फोन आल्यावर त्या म्हणाल्या, "पैसे कशाला घालवतेस? दोनदा वाजवून ठेव. मी उचलणार नाही. तोवर जेवणारही नाही." मी हसायचे. पण एकदा विसरले, तर रात्री साडेआठला त्यांचा फोन आला. आवाज तोच, त्या दिवशीसारखा चिरकलेला. "शके, घरी आहेस ना?"

गेल्या आठवड्यात मी सांगलीला जाऊन आले. संजयनं चहा केला. बाईंची खोली अजून तशीच आहे. पलंग, उशाशी तो फोन, टेबलावर खळीची वाटी, वाळून खडखडीत झालेली. आम्ही फार बोललो नाही. संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले तेव्हा दाराशी कुणी काही म्हणालं नाही. कराडला उतरले, घरी आले, कुलूप काढलं, दिवा लावला. चप्पल काढायच्या आधीच फोन हातात घेतला होता. संजय त्याच्या घरी गेला असणार, सांगलीचं घर बंद असणार, हे माहीत होतं. तरी मी नंबर लावला. पलीकडे त्या रिकाम्या खोलीत तो वाजला... एकदा, दोनदा. मी ठेवून दिला आणि मग स्वयंपाकाला लागले.